नथीच्या मासळ्या

"कशानं?"

कुणी गेल्याचं कानावर आलं, की साहेब आधी चष्मा कपाळावर सरकवायचे आणि एवढा एकच शब्द विचारायचे. "अरेरे" नाही, "वाईट झालं" नाही. ऑफिसातल्या कुणाचा चुलता असो, कोपऱ्यावरच्या चहावाल्याची शेळी असो, की पेपरात फोटो आलेला कुणी पुढारी असो. उत्तर मिळालं की क्षणभर विचार करायचे आणि निकाल द्यायचे, "म्हणजे नैसर्गिक," नाहीतर "म्हणजे नैसर्गिक नव्हे." मग चष्मा परत नाकावर यायचा आणि काम सुरू.

माझी आत्याआजी गेली तेव्हा मी रजेचा अर्ज घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले.

"कशानं?"

"म्हातारपणानं, साहेब. नव्वदी उलटली होती."

"म्हणजे नैसर्गिक," ते समाधानानं म्हणाले आणि सही केली. मी दारापर्यंत पोचले तर मागून आवाज आला, "बाई, घरी चूल पेटली नसेल. शिवाप्पाला चहा घेऊन पाठवतो. थर्मास परत द्या म्हणजे झालं." असा माणूस. तुमच्याही पाहण्यात असा एखादा असेल, ज्याचं तोंड एक बोलतं आणि हात दुसरंच काही करत असतात.

आमचं ऑफिस मासळीचं. सांगलीत, विश्रामबागेतल्या एका भाड्याच्या बंगल्यात. मी तिथं टंकलेखक. आमच्या घरात मासा म्हणजे पंचांगातली मीन रास, त्यापलीकडं ओळख नव्हती. नोकरी लागली तेव्हा आई म्हणाली, "टाइपच करायचंय ना? मग कागदावरचा मासा. त्याला कुठला वास?" वास होता. खवल्यांच्या पाकिटांना होता, कपाटांना होता, माझ्या डब्यातल्या पोळीलाही होता. पुढं पुढं मला तो येईनासा झाला आणि घरच्यांना माझा यायला लागला.

साहेबांचं काम विचित्र होतं. कृष्णेतले मासे मरतात किती, ते काढायचं. जाळ्यात सापडून मरतात ते सोपे, ते बाजारात दिसतात. पण कुणी न मारता जे मरतात, म्हातारपणानं, रोगानं, मोठ्या माशाच्या तोंडी लागून, ते कुणाला दिसतात? ते नदीतल्या नदीत नाहीसे होतात. साहेबांना त्यांचा दर हवा होता. "त्याशिवाय जाळं किती टाकू द्यायचं हे कसं ठरवणार, बाई?" ते मला समजावायचे. "जो मासा असाही मरणारच आहे, तो माणसाच्या पोटात गेला तर बिघडलं काय? पण जो जगणार होता तो ओढून काढला, तर चार वर्षांत नदी रिकामी." नदीकाठची माणसं त्यांना मरणसाहेब म्हणायची. ते कानावर आलं तेव्हा साहेब रागावले नाहीत. "बरोबर आहे त्यांचं," म्हणाले. "फक्त सांगा त्यांना, मी मारत नाही, मोजतो."

मोजायची पद्धत अशी. खडस म्हणून मोठ्या खवल्यांचा एक मासा या नदीत असतो. तो धरायचा, त्याला एक पांढरी लखलखीत कडी अडकवायची, कडीवर नंबर, आणि परत पाण्यात सोडायचा. पुढं तो कुणाच्या जाळ्यात आला, तर त्यानं कडी ऑफिसात आणून द्यायची आणि बक्षीस म्हणून नायलॉनच्या दोऱ्याचं रीळ न्यायचं. आधी या कड्या पाठीवरच्या पंखाला अडकवत, पण तिथून त्या जाळ्यात गुंतून गळायच्या. साहेबांनी डोकं चालवून ती जागा बदलली. कडी वरच्या ओठाच्या हाडात, एका बाजूला. "आता मासा गळेल, कडी नाही गळणार," ते म्हणाले होते. त्या युक्तीचा त्यांना इतका अभिमान होता की पाहुण्यांना स्वतःच्या ओठावर बोट ठेवून ती जागा दाखवायचे.

ज्या कड्या यायच्या त्या आल्या. ज्या येत नसत, त्यांची काही काळ वाट बघायची. मग साहेब टेबलापलीकडून म्हणायचे, "गेला धरा." मी हिशेबाच्या यंत्राची मूठ गरागरा फिरवायची आणि तो नंबर मेलेल्यांत जमा व्हायचा.

आमचा शिपाई शिवाप्पा जतकडचा. एकदा तपासणीसाठी आणलेला मासा दुपारच्या सुटीत ट्रेमधून नाहीसा झाला. साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि ते शिवाप्पाकडं बघत राहिले. शिवाप्पानं मान खाली घातली. "नैसर्गिक न्हाई, सायेब," तो म्हणाला. साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि शिवाप्पालाच पाणी आणायला पळावं लागलं.

हे हसणं एकाहत्तरच्या लढाईच्या आधीचं.

साहेब मूळचे रहिमतपूरकडचे. गावाकडं ऊस, आणि घरटी एक माणूस पलटणीत. साहेब तेवढे त्या रांगेतून निसटून कॉलेजात गेले होते. त्यांना एकच मुलगा. त्यानंही शिकावं ही त्यांची इच्छा. पण मुलगा चुलत्यांच्या वळणावर गेला आणि भरती होऊन आला. लग्न झालं, नवी सून घरात आली, आणि लढाई सुरू झाली. पुढं एक दिवस ऑफिसात तार आली. मुलगा बेपत्ता.

तार वाचून साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. आम्ही सगळे उभे होतो. तो शब्द आता येईल असं मला वाटलं, पण आला नाही. विचारणार कुणाला? त्यांनी तार खिशात ठेवली, छत्री घेतली आणि घरी गेले. ऊन होतं, तरी छत्री घेतली.

त्यांच्या बायकोला आम्ही काकी म्हणायचो. शाळा फारशी न शिकलेल्या, ठसठशीत कुंकू लावणाऱ्या, बोलायला फटकळ. कैदी परत येऊ लागले तेव्हा काकी रेडिओला कान लावून बसायच्या. नावं यायची, गावं यायची. त्यांच्या मुलाचं नाव आलं नाही. पुढं सरकारी कागद आला, की मुलाला मृत समजण्यात यावं. काकींनी तो हातात घेतला नाही. "समजा म्हणत्यात," त्या मला म्हणाल्या. "समजायला त्येंच्या बापाचं काय जातंय?" त्या दिवसापासून समोरच्या खोलीची खिडकी ही त्यांची जागा झाली. तिथून रस्ता दिसतो, पार वळणापर्यंत. भाजी निवडायची तर तिथं, तांदूळ पाखडायचे तर तिथं.

आणि सुमन, त्यांची सून. वीस-बावीस वर्षांची पोर. साहेबांनीच तिला माझ्याकडं टायपिंग शिकायला पाठवलं, म्हणून आमची मैत्री झाली. तिच्या कपाळावर कुंकू असायचं, पण ते काकी स्वतःच्या हातानं लावायच्या, रोज, जरा दाबूनच.

एका संक्रांतीला काकींनी हळदीकुंकू केलं. मीही गेले होते. ओसरीवर साहेब पेपर वाचत होते, आत बायकांची गर्दी. शेजारची एक बाई कुंकवाचा करंडा घेऊन ओळीनं सगळ्यांना लावत आली आणि सुमनपाशी अडखळली. हिला लावायचं की नाही? तिला कळेना. तिनं इकडंतिकडं बघितलं, सुमनच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि पुढच्या बाईला कुंकू लावलं. वाईट मनानं नाही केलं तिनं. पण सुमन तो तिळगूळ मुठीत धरून तशीच उभी राहिली, बायका संपेपर्यंत. मी दाराकडं बघितलं तर साहेब उंबऱ्यापाशी उभे होते. त्यांनी सगळं बघितलं होतं.

त्याच संध्याकाळी ते घरात म्हणाले, "गेला धरा."

हे मला सुमननं सांगितलं. म्हणाले, पोरीचं आयुष्य असं उंबऱ्यावर ठेवता येणार नाही. एवढी वर्षं झाली, कुठूनही खूण नाही, म्हणजे गेला. तिचं दुसरं लग्न मी करून देणार. काकी खिडकीतून उठून समोर आल्या. मग म्हणाल्या, "त्येला पाकिस्ताननं न्हाई मारला. तुमी मारलासा." आणि त्या घटकेपासून त्यांनी नवऱ्याशी बोलणं टाकलं. जेवणाची वेळ झाली की भिंतीला सांगायच्या, "ताट वाढलंय." साहेब भिंतीला म्हणायचे, "आलो." भिंतीनं एवढं ऐकलं, पण कधी तडजोड घडवून आणली नाही.

"तुला काय वाटतं गं?" मी सुमनला विचारलं.

तिची बोटं टाइपरायटरवर होती. "मामंजी हिशेब केल्याबिगर बोलत न्हाईत," ती म्हणाली. "त्यास्नी पक्कं वाटतंय, म्हंजे आसंलच. त्यांच्या मनात येवढीबी शंका असती, तर मी न्हाई म्हनले असते."

हे वाक्य ध्यानात ठेवा. सगळं त्याच्यावर उभं होतं.

भाऊकी खवळली. पोरीचा पाट लावायचाच असेल तर लावा म्हणाले, पण रात्री, देवळात, गुपचूप. साहेब म्हणाले, "पाट नाही, लग्न. दिवसाढवळ्या, मांडव घालून. आणि कन्यादान मी करणार." कऱ्हाडजवळच्या शाळेत एक मास्तर होते, बायको बाळंतपणात गेलेली, माणूस शांत. ठरलं. उन्हाळ्यातली तारीख धरली. पत्रिका मीच ऑफिसात टाइप केल्या, साहेबांनी स्वतः पत्ते घातले.

त्याच दिवसांत कड्यांचा अहवाल संपत आला होता आणि एक गोष्ट साहेबांना छळत होती. खाली सांगलीकडं लोक कड्या आणून द्यायचे. पण वर उंब्रजच्या डोहांत सोडलेल्या माशांची एकही कडी कधी आली नव्हती. ते सगळे आम्ही नियमाप्रमाणे गेले धरले होते, त्यामुळं तिथला मृत्युदर आभाळाला भिडला होता. तिथं मासे पटापट मरतायत, असंच कागद सांगत होता. साहेबांनी तिथलं पाणी बाटल्यांत भरून आणलं, रोग शोधला, पाणमांजरांच्या पायखुणा शोधल्या. "गेले ते कळलं," ते डोकं खाजवत म्हणायचे. "कशानं गेले?" शेवटी म्हणाले, चला, तिथल्या माणसांनाच विचारू. लिहून घ्यायला मला बरोबर घेतलं.

उंब्रजला नदीकाठी भोयांची घरं होती. दुपारचं ऊन, घरांपुढं जाळी वाळत घातलेली. दहा-बारा माणसं जमली. साहेबांनी विचारलं, खुणेचा मासा कधी मिळाला का?

"न्हाई सायेब," सगळ्यांच्या वतीनं एक गडी म्हणाला. "खुनंचा मासा आमी कवा बगितलाच न्हाई. पंचायतीत कागद लावलाय तुमी, आमाला ठावं हाय. घावला असता तर आनून दिला असता, दोरा कुनाला नको हाय?"

साहेबांनी मला लिहायची खूण केली. कोपऱ्यात एक म्हातारी फाटकं जाळं सांधत बसली होती. तिनं मान वर केली. "पर खून म्हंजी कसली वं?"

साहेबांनी खिशातून एक कडी काढून तळहातावर धरली. म्हातारी उठून जवळ आली, वाकून बघितलं आणि तिनं गालावर हात मारून घेतला. "आता गं बया! ही तर नथ!"

"नथ?"

"नथीच्या मासळ्या त्या. लय येत्यात की जाळ्यात. कृष्णाबाईच्या सवाशिणी हायेत त्या."

"मग तुम्ही काय करता त्यांचं?"

"काय करनार? हळदकुक्कू लावायचं आन् सोडायची. सवाशीण कुनी मारतंय व्हय?"

मघाचा गडी आता मोकळा झाला. "आवं सायेब, एक तर दरसाली येती. डोहातनं वर आली की ही माजी आई वळखतीच तिला. आता लय थोराड झालीया."

साहेबांनी तळहातावरच्या कडीकडं बघितलं. मग त्यांना हसू फुटलं. असं हसणं मी त्या शिवाप्पाच्या माशानंतर ऐकलं नव्हतं. त्यांनी टाळी वाजवली, म्हातारीचे दोन्ही हात धरले. "लिहा बाई, लिहा! आहेत! सगळ्या आहेत! मी इकडं मेल्या धरतोय आणि या हळदकुंकू लावून फिरतायत! अहो, परत आली नाही म्हणजे गेली, असं कुठं—"

तिथं ते थांबले.

हात म्हातारीच्या हातात होते, तोंड हसण्यासाठी उघडं होतं, आणि डोळ्यांतलं हसू मात्र गेलं. मी पेन्सिल टेकवून पुढच्या शब्दाची वाट बघत होते. मग मलाही कळलं. वाक्य माशांचं होतं, पण पोचलं होतं साहेबांच्या घरात.

"काय झालं वं, सायेब?" म्हातारीनं विचारलं. "कोन गेलं?"

"कोणी नाही," साहेब म्हणाले. तिथल्याच एका दगडावर ते बसले आणि चष्मा काढून धोतराच्या—नाही, धोतर कुठलं, पँट घालायचे ते—शर्टाच्या टोकानं पुसत राहिले. फार वेळ पुसला. म्हातारीनं आतून गुळाचा खडा आणि पाणी आणून दिलं.

परतीला आम्ही जीपमध्ये बसलो. कऱ्हाड मागं पडल्यावर म्हणाले, "बाई, आजचं घरी कळायला नको."

"मासे जिवंत आहेत, हे?"

"ते कळू दे. मी हसताना थांबलो, ते कळायला नको. सुमन माझ्या तोंडाकडं बघून उभी राहिली आहे. माझं तोंड हललं, तर ती मोडेल लग्न. आज मोडेल."

मी धीर करून विचारलं, "पण तुम्हाला काय वाटतं, साहेब?"

बाहेर उसाची शेतं चालली होती. ते त्यांच्याकडं बघत म्हणाले, "आता काही धरता येत नाही."

मी त्यांच्या मृत्युदराचे कितीतरी कागद टाइप केले, पण माणसाची इतकी वाईट अवस्था कुठल्या कागदात बघितली नाही. इतकी वर्षं मुलगा गेला असं धरून हा माणूस कसाबसा उभा होता. त्याला कुणी सांगितलं, की तुझी पद्धतच चुकली, परत न आलेलं जगत असतं. केवढी आनंदाची बातमी! आणि ती त्याला कुणालाच सांगता येणार नव्हती. सुमनला नाही, कारण ती थांबली असती, म्हातारी होईपर्यंत थांबली असती. आणि काकींनाही नाही, कारण काकींच्या तोंडात तीळ भिजला नसता, त्या तशाच सुमनकडं धावल्या असत्या.

लग्न झालं. दिवसाढवळ्या, मांडव घालून. काकी मांडवात आल्या नाहीत. सुमन पाया पडायला आत गेली तेव्हा त्यांनी तिला उठवून पोटाशी धरलं. "सुकानं ऱ्हा," म्हणाल्या. "माजं भांडान तुज्याशी न्हाई."

कन्यादानाच्या आधी भाऊकीतला एक पिकल्या मिशांचा गृहस्थ मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "समदं खरं, पर उद्या पोरगा दारात हुबा ऱ्हायला तर रं?"

सुमननं मान वर करून साहेबांकडं बघितलं. मी तिच्या मागंच उभी होते, मला त्यांचा चेहरा समोर दिसत होता. एक रेषही हलली नाही.

"गेला धरलाय आपण," साहेब म्हणाले. "भटजी, पुढं चालवा."

सुमनची मान खाली गेली. मंगलाष्टकं सुरू झाली. सगळे वधूवरांवर अक्षता टाकत होते. साहेबही टाकत होते, पण त्यांचे डोळे तिकडं नव्हते. शेवटच्या अक्षतेपर्यंत ते मांडवाच्या दाराकडं बघत होते.

त्यानंतर साहेबांनी "कशानं?" विचारणं सोडलं. ऑफिसात नव्या आलेल्या मुलाचे वडील वारले, तो अर्ज घेऊन उभा राहिला. साहेबांनी सवयीनं चष्मा वर नेला, तसाच खाली आणला आणि म्हणाले, "जा बाबा, घरी जा." अहवालात उंब्रजच्या पुढं त्यांनी लिहायला लावलं, मृत्युदर सांगता येत नाही. वरून विचारणा झाली, आकडा द्या. त्यांनी दिला नाही. मी म्हटलं, साहेब, भोयांना सांगू या ना, ही सरकारी कडी आहे, नथ नाही, म्हणजे पुढच्या वेळी हिशेब लागेल.

"नको," ते म्हणाले. "कुणी विचारलं तर नथच म्हणायचं. जगू देत सवाशिणी म्हणून."

बढतीवर नागपूरला बदली आली, ती त्यांनी नाकारली. सगळ्यांना सांगितलं, तिकडचं पाणी मानवत नाही. मला एकटीला म्हणाले, "पत्ता बदलायला नको, बाई."

माझा ऑफिसचा रस्ता त्यांच्या घरावरून जायचा. पूर्वी ओसरीवरची त्यांची खुर्ची भिंतीकडं तोंड करून असायची, उजेड पाठीमागून पेपरावर यावा म्हणून. लग्नानंतर ती फिरली. सकाळी मी जायची तेव्हा साहेब मांडीवर पेपर घेऊन रस्त्याकडं तोंड करून बसलेले असायचे. आणि त्यांच्या मागं जरा बाजूला, भिंतीपलीकडं, खिडकीच्या गजांशी काकी. मधे एक वीत भिंत. दोघंही वळणाकडं बघत असायचे. रस्त्यावरून मला दोघं दिसायचे. त्यांना मात्र एकमेकं दिसत नव्हती.

एकदा न राहवून मी म्हटलं, "साहेब, काकींना तरी सांगा हो."

"सुमनला दिवस गेलेत," ते म्हणाले. "हिला कळलं, तर तिला कळल्याशिवाय राहील का? आता तर नाहीच नाही." थोड्या वेळानं म्हणाले, "ही माझ्यावर रागावलेली आहे ते बरंय. निदान हिच्यापुरता तरी पोरगा जिवंत आहे."

एका सकाळी ऑफिस उघडलं आणि शिवाप्पा रडत आला. साहेब गेले. ओसरीवर, खुर्चीतच. सगळे जागच्या जागी उभे राहिले. कशानं, असं कुणीही विचारलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर मी काकींना भेटायला गेले. सुमन तिचं पोर कडेवर घेऊन आली होती, काम आवरून आदल्या दिवशीच परत गेली होती. काकी ओसरीच्या पायरीवर बसल्या होत्या. कपाळ मोकळं. खुर्ची तिथंच होती, कुणी हलवली नव्हती.

"लय शिकलेलं मानूस," काकी कोरड्या आवाजात म्हणाल्या. "पोराला गेला धरला आन् निवांत झाले. सकाळच्याला हितं पेपर वाचत बसायचं. मी तिकडं आत वाट बघून बघून डोळं फोडतीया, आन् ह्यांचा आपला पेपर."

आता कुणासाठी झाकून ठेवायचं होतं? सुमनचा संसार रुजला होता. मी काकींना सगळं सांगितलं. उंब्रजची म्हातारी, नथीच्या मासळ्या, टाळी वाजवून हसणं आणि मधेच थांबणं. मांडवाच्या दाराकडं लागलेले डोळे. नागपूर का नाकारलं ते. खुर्ची का फिरवली ते.

काकी ऐकत होत्या. मी थांबले तरी त्या पायरीवरचं माती धरलेलं एक भोक नखानं टोकरत राहिल्या.

"पेपरची घडी मोडलेली नसायची कवा," त्या म्हणाल्या. "मीच उचलायची की रोज. कोरी घडी. मला वाटायचं, वाचून झाल्यावं परत घालत्यात."

मग त्या उठल्या. मला वाटलं आत जातात. पण त्या खुर्चीपुढं जाऊन उभ्या राहिल्या आणि पदर सारखा केला.

"आवं," त्या म्हणाल्या, "मंग आत यायचं की. खिडकी काय येकटीची हुती व्हय? संगं बसलो असतो."

त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. त्या संक्रांतीनंतर काकी नवऱ्याशी पहिल्यांदाच बोलत होत्या.